होडीच्या फळ्यांचा पाळणा

हल्लीच्या जत्रेतल्या पाळण्यात मी बसत नाही. नातवंडं हात धरून ओढतात, भित्री म्हणतात. म्हणोत बापडी. मला भीती वाटत नाही, राग येतो. एवढं मोठं लोखंडी धूड उभं करायचं, त्याला दिवे लावायचे, कर्णे लावायचे, आणि वर गेल्यावर शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येऊ नये, हा कसला पाळणा? पाळण्यात बोलता आलं पाहिजे. हे माझं ठाम मत आहे आणि ते कुणकेश्वरच्या जत्रेत, मी फ्रॉक घालत होते त्या वयात बनलेलं आहे. आता ते बदलायचं वय राहिलं नाही.

आमचं गाव खाडीच्या काठी. महाशिवरात्रीला भल्या पहाटे बैलगाडी जुंपायची आणि ऊन चढायच्या आत कुणकेश्वर गाठायचं. देवाचं दर्शन मोठ्यांसाठी. आम्हा मुलांचा देव देवळाच्या अलीकडे, सुरूच्या झाडांपाशी वाळूत उभा असायचा. तिथे लाकडी घोड्यांचं एक चक्र होतं. डबीला डोळा लावायला सांगून आगबोट आणि राणीचा महाल दाखवणारा एक माणूस होता. गुळात घोळलेल्या खाज्याची दुकानं तर ओळीने. पण मला यातलं काही नको असायचं. मी गाडीतून उडी मारायची ती थेट पाळण्याकडे पळत सुटायची.

आमचा पाळणा लाकडाचा. दोन उंच खांब, मध्ये आडवा कणा आणि त्याला टांगलेल्या चार पेट्या. इंजिन नाही, वीज नाही. दोन धट्टेकट्टे गडी खाली उभे राहून हाताने पेट्या ओढायचे, आणि एकदा वेग आला की येणाऱ्या प्रत्येक पेटीला नुसती थाप मारायचे. पाळण्याचा मालक म्हातारा होता. तो एके काळी खाडीवर होडी चालवायचा, लोकांना या तीरावरून त्या तीरावर सोडायचा. होडी जुनी होऊन गळायला लागली, तेव्हा तिला चुलीत घालणं त्याच्या जिवावर आलं. मग त्याने तिच्याच फळ्यांच्या चार पेट्या करून घेतल्या. पेट्यांवर होडीचा निळा रंग तसाच होता, जागोजागी पोपडे निघालेला. आत बसलं की होडीला चोपडतात त्या माशाच्या तेलाचा वास यायचा. एरवी त्या वासाने नाक मुरडणाऱ्या बायकासुद्धा पाळण्यात निमूट बसायच्या.

पेटी वर जायला लागली की आधी माणसांची डोकी दिसायची, मग दुकानांवरची झावळ्यांची झापं, मग देवळाचा कळस आपल्या बरोबरीला यायचा, आणि त्याच्यामागून अख्खा समुद्र. लांबवर शिडं दिसायची. खाली गाड्या सोडलेल्या, बैल बसलेले, आणि आमचे बाबा, घरात ज्यांच्या आवाजाने भांडी वाजायची ते, नारळाएवढे. मला त्यांना तसं बघायला फार आवडायचं.

आता आमच्या घरचं वाकडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी आई आणि तिची धाकटी बहीण एकाच भावकीत दिलेल्या. आमचं घर आणि मावशीचं घर यांच्या मध्ये एक गडगा, कमरेएवढा, चिऱ्यांचा. मी चार-पाच वर्षांची होईपर्यंत मला आपलं घर कुठलं आणि मावशीचं कुठलं, हे नीटसं ठाऊकही नव्हतं. जिथे भूक लागेल तिथे जेवायचं. मग एका शिमग्यात देवाची पालखी आधी कोणाच्या अंगणात, खळ्यात यायची, यावरून बाबा आणि काका, म्हणजे मावशीचे यजमान, यांचं वाजलं. मान थोरल्या घराचा, हे दोघांनाही मान्य. पण थोरलं घर कुठलं? दोघांचे आजे जुळे भाऊ, आणि त्यांतला आधी कोण जन्मला हे सांगणारी सुईण केव्हाच देवाघरी गेलेली. तेव्हा हे भांडण मिटण्यासारखं नव्हतंच. दोघांनी एकाच दिवशी, एकाच देवासमोर, वेगवेगळे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. त्या घराचं पाणी नाही, विस्तव नाही, त्या घराशी बोलणं नाही, त्या खळ्यात पाऊल नाही.

गावातली माणसं म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस, पुढच्या शिमग्यापर्यंत गोड होतील. पुढचा शिमगा आला, त्याच्या पुढचाही आला. आईच्या चुलीचा धूर मावशीच्या खळ्यात जायचा, मावशीच्या कोंबड्या आमच्या परसात यायच्या, त्यांना कोणी अडवलं नाही. फक्त दोन बहिणी अडल्या. बाबा भांडणार काकांशी आणि वड्याचं तेल वांग्यावर, तसा राग निघणार आईवर. गडग्याकडे नुसतं बघितलं तरी ते खाकरायचे.

भांडणानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला आम्ही कुणकेश्वरला गेलो तेव्हा मी पाळण्यासाठी आईचा पदर सोडेना. आई मला घेऊन पाळण्याशी गेली. म्हातारा माणसं तोलून बसवायचा. समोरासमोरच्या पेट्यांत सारखं वजन नसलं तर ओढणाऱ्यांचे खांदे उतरतात, म्हणून तो बसणाऱ्याकडे डोळे बारीक करून बघायचा आणि, बाजारात सुरमई निवडावी तसा, "तू हयसर, तू थयसर" करत एकेकाला पेटीत टाकायचा. त्याने आईला दंडाला धरून एका पेटीपाशी नेलं. पेटीत मावशी एकटी बसलेली. ती चांगली भारदस्त होती, म्हणून तिच्या शेजारी त्याला काडीसारखी बाई आणि एक मूल हवं होतं.

आई जागीच थांबली. "हयसर नको," ती पुटपुटली. "ह्येंचा आमचा वाकडा आसा."

म्हाताऱ्याने पेटीच्या फळीवर हाताने थापटलं. "ही माझी होडी आसा," तो म्हणाला. "ह्याच फळ्यांर बसान तुझो सासरो वर्सानुवर्सा खाडी उतरलो. होडयेत वाकडा खंय चलता? काठार ठेव आणि बस."

आमच्याकडे ही जुनी रीत होती. होडीत वाकडं चालत नाही. भर खाडीत दोन माणसं एकमेकांना पाठ करून बसली, किंवा तावातावाने उठून उभी राहिली, तर होडी सगळ्यांनाच घेऊन बुडणार. म्हणून होडीत पाय टाकताना वाकडं काठावर ठेवायचं, बोलायचं, पान-तंबाखू द्यायची-घ्यायची, आणि पलीकडे उतरलं की परत पहिल्यासारखं. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी राहणारी माणसंसुद्धा खाडीत एकमेकांना चंची पुढे करायची. आई आणि मावशी मात्र होडीत कधी एकत्र सापडल्या नव्हत्या. तसा योग घरच्यांनी येऊच दिला नव्हता.

बाबा पलीकडे खाजं घेत उभे होते. त्यांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं. मला अजून त्यांचे चेहरे आठवतात. दोघं आयुष्यभर रीतीसाठी भांडलेले. पालखीची रीत, नारळाची रीत, पहिल्या विड्याची रीत. आता चारचौघांत होडीची रीत नाकारायची कशी? बाबांनी खाज्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरीकडे बघत चावू लागले. आई पेटीत बसली, मी दोघींच्या मध्ये.

पहिला फेरा कोणी बोललं नाही. दुसऱ्या फेऱ्यात, आम्ही अगदी वर असताना, मावशी समुद्राकडे बघत म्हणाली, "आक्का, तुझी काळी कोंबडी माझ्या परसात अंडी घालता. मी ती वेगळी ठेवलंय. काय करू?"

आई हसायला लागली. तिचं ते हसू मी वर्षभर ऐकलं नव्हतं. मग जी सुरुवात झाली ती झाली. माहेरच्या गाईपासून ते कोणाच्या कानातल्या कुड्यांपर्यंत दोघी अशा भरभर बोलत होत्या, की मला मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. मी "आये, समुद्र बघ" म्हटलं तर दोघींनी एकदमच "गप ऱ्हव गो" म्हटलं. पाळणा थांबला. आई उतरली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मावशीकडे न बघता आमच्या गाडीकडे चालू लागली.

तेव्हापासून दरवर्षी हेच. शिवरात्र महिन्यावर आली की आई भाकरी थापता थापता स्वतःशीच पुटपुटायची, "ह्या सांगूक होया, ता इचारूक होया." तिला विसरायची भीती वाटायची, म्हणून काही गोष्टी ती मला पाठ करायला लावायची. जत्रेत ती आणि मावशी वेगवेगळ्या बाजूंनी पाळण्याकडे यायच्या, जशा काही योगायोगानेच. मावशी ओच्यात फणसपोळी लपवून आणायची. ती वरच खाऊन संपवायची, कारण काठावर काही न्यायचं नाही हा त्यांनीच ठरवलेला नियम होता. म्हातारा दुसऱ्या पेटीत माणसं चढवायच्या निमित्ताने आमची पेटी वर अडकवून ठेवायचा आणि खाली उगाच कोणाशीतरी हुज्जत घालत बसायचा. गडी ओरडायचे, "आजोबा, फिरवू?" म्हातारा म्हणायचा, "थांब रे, वजन बघतंय." त्याचं वजन बघणं कधी लवकर संपायचं नाही.

मी वर बसून खाजं खायची, पाय हलवायची, दोघींच्या मांड्यांची ऊब दोन्हीकडून घ्यायची. आयुष्यात मला त्याहून चांगली जागा मिळालेली नाही. वर्षाचे बाकीचे दिवस मी त्या एका सकाळसाठी सोडून दिले असते.

एका वर्षी मात्र तसं नव्हतं. त्या वर्षी श्रावणात मावशीचं तान्हं मूल गेलं. मरणाला वाकडं नसतं म्हणून बाबा गेले, पण खळ्याच्या बाहेर उभे राहून परतले. बायकांनी जायचं म्हणजे आत जाऊन बसायचं, आणि आत बसायचं म्हणजे त्या घरचं पाणी घ्यायचं. म्हणून आईला ते नको म्हणाले. आई गडग्याशी जाऊन उभी राहिली, डोक्यावर इरलं घेऊन. पलीकडून मावशीचं रडणं ऐकू येत होतं. आईने दोन्ही हात गडग्यावर ठेवले होते आणि पावसाचं पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं. मी तिला हाक मारली तर तिने वळून पाहिलं नाही. बराच वेळ तशी उभी राहून ती आत आली आणि तांदूळ निवडायला बसली.

त्या शिवरात्रीला दोघी पाळण्यात बसल्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी एका कोपऱ्याला सरकून बसले. खालची माणसं हसत होती, बायका घाबरल्या म्हणत होती. म्हाताऱ्याने पेटी खाली आली तरी थांबवली नाही. गडी दमले तेव्हा त्याने स्वतः हात लावला. किती फेरे झाले देव जाणे. उतरताना मावशीचा चेहरा सुजलेला होता, पण ती श्रावणापासून पहिल्यांदाच माणसात आल्यासारखी दिसली. मला वाटलं, हा पाळणा नसता तर हिचं काय झालं असतं? तेव्हापासून तो माझ्यासाठी नुसता खेळ राहिला नाही. मी घरी देवाला हात जोडताना पाळण्यालाही जोडायची.

आणि मग एका वर्षी पाळणा आला नाही.

मी मॅट्रिकच्या जवळपास असेन. सुरूच्या झाडांपाशी, नेमक्या त्याच जागेवर, घाटावरून आलेला लोखंडी पाळणा उभा होता. भला उंच, तांबडा-पिवळा, शेजारी तेलावर चालणारं इंजिन. पोरांची झुंबड उडाली होती. म्हाताऱ्याची विचारपूस केली तेव्हा कळलं, की तो हिंडता-फिरता आहे, पण फळ्यांना वाळवी लागली, गडी मुंबईला गेले, आता पाळणा कायमचा बंद. मला रडूच फुटलं. एवढी घोडी झाले होते तरी जत्रेत उभी राहून मी डोळे पुसत होते.

आई रडली नाही. तिच्याकडे वर्षभराचं साठलेलं होतं. तिने लोखंडी पाळण्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "चल. ह्येच्यात बसूया."

बाबांनी वाट अडवली. "ह्यो लोखंडाचो," ते म्हणाले. "ह्येका होडयेची रीत लागणा नाय."

पलीकडे काका मावशीला घेऊन उभे होते. ते आभाळाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "खरा आसा." इतक्या वर्षांत दोन्ही घरांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

आई तिथेच थांबली. मावशी मात्र रागाने लाल झाली. नवऱ्याकडे न बघता ती तरातरा गेली आणि लोखंडी पेटीत एकटीच जाऊन बसली. तिच्या शेजारची जागा तिने पदर आवरून मोकळी ठेवली. ती तशीच मोकळी राहिली आणि इंजिन सुरू झालं.

तो पाळणा थांबत नव्हता, रेंगाळत नव्हता. फटफट आवाज करत सारखा गरगरत होता. मावशी वर गेली, खाली आली, परत वर गेली. आई मान वर करून बघत होती. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला मावशी वरून हात हलवून काहीतरी ओरडली. इंजिनच्या आवाजात काही कळेना. ती परत ओरडली. आणि माझी आई, वाळूत, भर जत्रेत, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात तोंडाशी नेऊन ओरडली, "काय सांगतस गोऽऽ? ऐकाक येणा नाय!"

बाबांच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली.

पाळणा थांबला तेव्हा मावशी पेटीतून उतरली, दोन पावलं चालली आणि वाळूत बसकण मारून ओकायला लागली. काका भांबावून उभे. आईने आमच्या गाडीतला तांब्या उचलला, गर्दीतून वाट काढत गेली, मावशीचं कपाळ धरलं, तोंड धुतलं आणि आमच्या घरचं पाणी तिला पाजलं. ती ते घटाघटा प्यायली.

"वरसून काय सांगी होतंस?" आईने विचारलं.

"थांबवा म्हणान सांगी होतंय!" मावशी म्हणाली, आणि दोघी वाळूत बसून अशा हसल्या, की इंजिनवाला माणूसही हसायला लागला.

मी बाबांकडे बघितलं. आता आभाळ कोसळणार, असं मला वाटलं होतं. बाबांनी हातातली फोड संपवली. मग मला म्हणाले, "तांब्यो आपलो आसा. तेवढो परत घेवन ये म्हणजे झाला." काकांनी मावशीला "चल" म्हटलं. मावशी म्हणाली, "तुमी फुडे व्हा. मी आक्काशी बोलतंय." आणि काका खरंच पुढे गेले. दोन वाघ असे शेळीसारखे का झाले, ते मला त्या दिवशी कळलं नाही. आता वाटतं, दोघेही त्या वाकड्याला कंटाळले होते. पण आधी कोणी वाकायचं, हा प्रश्न पुन्हा थोरल्या-धाकट्याचाच होता.

पालखीचं भांडण पुढेही चालू राहिलं. ते घरच्या पुरुषांनी आपल्यापुरतं ठेवलं. आईने मात्र त्याच आठवड्यात गडग्याचे वरचे चिरे काढून टाकले, पाय टाकता येईल एवढी वाट केली. दोघींचं बोलणं मग दिवसभर चालायचं, इतकं की मीच म्हणायची, आता पुरे.

पुढे माझं लग्न झालं. पहिल्या मुलाला घेऊन मे महिन्यात माहेरी आले होते. पडवीत आई आणि मावशी कोकमं फोडत बसल्या होत्या, हात लालभडक झालेले. मूल पायांवर घेऊन मी जुन्या गोष्टी काढल्या आणि मला त्या पाळण्याची फार आठवण आली. मी म्हटलं, याला एकदा तरी त्या पाळण्यात बसवायला हवं होतं. असा पाळणा मोडायला नको होता.

"बरा झाला मोडलो तो," आई म्हणाली.

मी चिडले. म्हटलं, आये, तुला तरी असं म्हणवतं कसं? तुमच्या दोघींसाठी तेवढीच एक जागा होती.

आईने हातातलं कोकम खाली ठेवलं. "होती म्हणानच," ती म्हणाली. "वर्साक एक दीस मिळता, तेवढो पुरे असा वाटला. माझ्या भयणीचा पोर गेला आणि मी पावसात गडग्याकडे उभी रवलंय. शिवरात्रीक भेटतलंय, तेव्हा रडतलंय, असा मनाक सांगलंय आणि घरात इलंय. तो पाळणो नसतो, तर मी त्याच दिसा गडगो चढान गेलंय असतंय."

 मावशीने पुढचं कोकम उचललं आणि मान वर न करता म्हणाली, "त्या दिसा मी दाराकडेच बघी होतंय, आक्का."